लाल आगीतली भाजी

थायलंडमधल्या एखाद्या साध्या खानावळीत गेलात, तर चुलीकडे तोंड करून बसा. चूल बहुधा रस्त्याच्या कडेलाच असते, आणि तिथे जे घडतं ते बघायला जेमतेम मिनिटभर मिळतं.

मागवायचं काय? ‘फाट फाक बुंग फाय डेंग’. फाक बुंग म्हणजे आपल्याकडची नाळीची भाजी. पाणथळ जागी वाढणारी, पोकळ देठांची. फाट म्हणजे परतणं. आणि फाय डेंग? लाल आग! पदार्थाच्या नावात मसाला नाही, गाव नाही, चक्क जाळ आहे.

आचारी आधी सगळं एकाच ताटलीत रचून ठेवतो. धुतलेली ओलसर भाजी, तिच्यावर ठेचलेला लसूण, मिरच्या, आंबवलेल्या सोयाबीनचा ‘ताओ च्याओ’, चिमूटभर साखर. पातळ पोलादी कढईतल्या तेलातून धूर निघू लागला की ताटली एकदम उपडी. चर्र आवाज होतो आणि भडका उडतो, कधी आचाऱ्याच्या डोक्याच्याही वर.

हा भडका उडवतं कोण? पाणी! कितीदा बघितलं तरी मला याचं नवल वाटायचं थांबत नाही. धुरावलेलं तेल 200 अंशांच्या आसपास किंवा वर पोचलेलं असतं. पाणी तर 100 अंशांनाच उकळतं. पानांवरच्या थेंबांची तेलात पडताच वाफ होते, आणि त्या वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. ती उसळताना तेलाचे बारीक बारीक कण हवेत उधळते. कढईत पडून असलेलं तेल सहजासहजी पेटत नाही, पण त्याच तेलाचं धुकं काठावरून डोकावणाऱ्या ज्वाळेला भिडलं की क्षणात पेट घेतं. (पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये ते याच कारणासाठी. घरी हा प्रयोग करू नका.)

कढई दोन-चारदा उसळली की भाजी तयार, आणि तीही हिरवीगार. पालेभाजी रेंगाळत शिजली तर तिच्यातलंच आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतं आणि ती काळपट पडते. इथे आम्लाला तेवढी सवडच मिळत नाही. देठ पोकळ, म्हणून आच चटकन लागते, तरी कुरकुरीतपणा राहतो. वर तो धुरकट, खमंग दरवळ. थाई माणसं त्याला ‘क्लिन क्राथा’ म्हणतात, कढईचा वास.

फित्सानुलोक शहरात तर ही भाजी कढईतून थेट हवेत भिरकावतात आणि लांब उभा असलेला वाढपी ती ताटलीत झेलतो!

ताटली समोर आली की फोटोच्या नादी लागू नका. गरम भातावर घ्या आणि लगेच खा. पाच-दहा मिनिटांत तो वास उडून जातो.