हलव्याचा काटा आणि केकचा साज

बदली हा बँक अधिकाऱ्याच्या सेवाकाळाचा अविभाज्य भाग होय. नागपूरहून जबलपूरला आलो, तेव्हा सामानासोबत दोन चिंताही आल्या. पाच वर्षांची कन्या नव्या शाळेत कोणाशी बोलत नव्हती आणि सासूबाई घराबाहेर पडत नव्हत्या. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणाऱ्या कमानिया गेटकडे जाऊन आम्ही इथली प्रसिद्ध खव्याची जिलबी आणली. तिचा गोडवा मात्र बशीपुरताच राहिला.

अशातच एके दिवशी कन्येने वर्गात परस्पर जाहीर केले, “माझ्या वाढदिवसाला आई बाहुलीचा केक करणार आहे.” नऊ मुलींना निमंत्रणेही देऊन झाली. नऊ मैत्रिणी मिळण्याची ही संधी होती, त्यामुळे माघार घेणे शक्य नव्हते. एम.कॉम.च्या अभ्यासात ताळेबंद जुळवायला शिकले होते. केक मात्र कधी केला नव्हता.

बाहुलीच्या घेरदार झग्यासाठी लागतो तो फॉन्डंट. आयसिंग शुगर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन एकत्र मळून केलेला हा साखरेचा गोळा पोळीसारखा लाटून केकवर पांघरतात. महिनाभर बँकेतून परतल्यावर मी त्याचा सराव केला. जुलैच्या मध्यावर, वाढदिवसाच्या आदल्या रात्री, केक सजवून मोठ्या समाधानाने फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो बाहेर काढला आणि पाहता पाहता झग्याला घाम फुटला. गुलाबी रंग ओघळला, घेर एका अंगाने घसरला आणि बाहुली वाकली. नऊ मुलींसमोर कन्या एक शब्दही न बोलता उभी राहिली. जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांपासून बनते, हे सासूबाईंना मी आधीच सांगितले होते. त्यांनी नातीला ओवाळले, पण केकला हात लावला नाही. मैत्रिणी लवकर घरी गेल्या.

रात्री ओटा पुसत असताना सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अगं, भर पावसाळ्यात कोणी साखरेचा साज करतं का? हलव्याला काटा थंडीतच फुटतो.”

त्या एका वाक्यात माझ्या चुकीचे निदान होते. संक्रांतीचा हलवा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन, मंद आचेवर, साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडत हात फिरवत राहायचे. पौषातील कोरड्या थंडीत पाक चटकन सुकतो आणि दाण्यावर काटा उभा राहतो. हवा दमट असेल, तर दाणा नुसता चिकट होतो. याच दाण्यांचे दागिने नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालतात. म्हणजे साखरेने सजवण्याची कला आपल्याला नवी नाही. केक तेवढा नवा.

फॉन्डंटचे शास्त्रही हेच आहे. साखर हवेतील ओलावा ओढून घेते. थंडगार केक दमट हवेत आणला की त्यावर पाण्याचे थेंब जमतात आणि साखर विरघळू लागते. म्हणून फॉन्डंटचा केक शक्यतो फ्रिजमध्ये ठेवू नये. कोरड्या, थंड खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवावाच लागला, तर बाहेर काढल्यावर खोके लगेच उघडू नये. केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. फॉन्डंटखाली फेटलेली साय लावू नये, तिच्या ओलाव्याने थर सुटतो. त्याऐवजी दोन भाग गडद चॉकलेट व एक भाग क्रीम यांचे गनाश लावावे. ते घट्ट बसते आणि भिंतीला गिलावा द्यावा तसा केकला सपाटपणा देते. फॉन्डंट तीन-चार मिलिमीटर जाडीचा लाटावा. त्याहून पातळ फाटतो, जाड जड होतो. लाटताना कॉर्नफ्लॉवर हलक्या हाताने भुरभुरावे आणि उरलेला गोळा झाकून ठेवावा, अन्यथा त्यावर पापुद्रा धरतो.

राहिला प्रश्न जिलेटिनचा. त्याला पर्याय म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा आगर, अर्थात आपला चायना ग्रास. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सियसला वितळते. एकदा घट्ट झालेला आगर ८५ अंशांच्या आसपास. मात्र आगर पाण्यात चांगला उकळून पूर्ण विरघळवावा लागतो आणि त्याचा फॉन्डंट कमी ताणला जातो. त्यासाठी मळताना चिमूटभर सी.एम.सी. पूड घालावी. केकसाठी अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क वापरले. सासूबाईंनी प्रत्येक डबा चष्मा लावून वाचला आणि मग संमती दिली.

या कलेची झेप किती असू शकते, हे पुण्यात राहणाऱ्या प्राची धबल देब यांनी दाखवून दिले आहे. आर्थिक विश्लेषणाची नोकरी सोडून त्या या क्षेत्रात आल्या, इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या आणि एरवी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उभ्या राहणाऱ्या रॉयल आयसिंगचे काम अंड्याविना करू लागल्या. मिलानच्या कॅथेड्रलवरून त्यांनी साकारलेल्या १०० किलोंच्या कलाकृतीची २०२२ साली विक्रम म्हणून नोंद झाली.

आमचा विक्रम घरगुती होता. जानेवारीत सासूबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अनेक वर्षांनंतर त्यांनी स्वतः शेगडीशी बसून हलवा केला. नात शेजारी बसून काटा फुटताना पाहत होती. मी चंद्रकळेच्या काळ्या रंगाचा फॉन्डंट पांघरला आणि त्यावर त्यांच्या हलव्याची ठुशी, बाजूबंद व हार मांडला. आजीच्या हलव्याची वार्ता कन्येने शाळेत केव्हाच पोहोचवली होती. त्या नऊ जणी पुन्हा आल्या, या वेळी आपापल्या आज्यांना घेऊन. मेणबत्त्या विझवल्या नाहीत. निरांजनाने औक्षण केले. सासूबाईंनी केकचा पहिला तुकडा खाल्ला आणि शेजारच्या आजींना हलव्याची कृती हिंदीत समजावू लागल्या. तेव्हापासून दर गुरुवारी त्या दोघी गोलबाजारातील दत्त मंदिरात सोबत जातात.

हा छंद व्यवसायात उतरवू इच्छिणाऱ्या भगिनींना बँकेतील अनुभवावरून दोन शब्द. केकच्या हिशेबात मैदा, साखर, चॉकलेट लिहिले जाते. वीज, खोके, वाया गेलेला माल आणि स्वतःचे श्रम मात्र हमखास सुटतात. साखरेचे एक फूल करायला लागलेला तास मोफत नसतो. तो किमतीत धरला नाही, तर विक्री वाढेल तसा थकवाच वाढेल. विक्री घरून होत असली, तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. ओव्हन, मिक्सर यांसारख्या साधनांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. अर्जासोबत सहा महिन्यांच्या हिशेबाची वही आणलीत, तर आम्हां अधिकाऱ्यांचे कामही सुकर होते.

आणि हो, पहिला केक घसरला तर खचून जाऊ नका. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून पाहा. साखरेचा स्वभाव त्या आपल्याहून अधिक काळ ओळखून असतात.