एनएफएल सामर्थ्यक्रमवारी

'''एनएफएल सामर्थ्यक्रमवारी''' ही अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल स्पर्धेतील संघांची, हंगाम चालू असताना त्यांच्या बळाच्या अंदाजावरून लावली जाणारी अनधिकृत क्रमवारी होय. तिला ‘पॉवर रँकिंग’ असेही म्हणतात. क्रीडापत्रकार, वृत्तवाहिन्या आणि संख्याविश्लेषक ती साधारणतः दर आठवड्याला प्रसिद्ध करतात. अधिकृत तक्ता झालेल्या जय-पराजयांची नोंद ठेवतो. ही क्रमवारी मात्र आज सामना झाल्यास कोणता संघ वरचढ ठरेल, या प्रश्नाचे उत्तर शोधते.

== पार्श्वभूमी ==
लीगमध्ये ३२ संघ असून ते दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येकी चार संघांच्या आठ विभागांत वाटलेले आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो. त्यांपैकी सहा सामने स्वतःच्या विभागातील तीन संघांशी, तर उरलेले ११ सामने वेगवेगळ्या संघांशी होतात. परिणामी ३१ प्रतिस्पर्ध्यांपैकी केवळ १४ संघांशीच गाठ पडते. हंगामाच्या मध्यावर तर जेमतेम आठ-नऊ सामने झालेले असतात. सारखेच विजय मिळवलेल्या दोन संघांपैकी एकाने दुबळ्या आणि दुसऱ्याने बलाढ्य संघांना हरवलेले असू शकते. वादाचे मूळ येथेच आहे.

== निकष ==
* '''गुणांतर:''' केलेले व दिलेले गुण यांतील फरक. यावरून अपेक्षित विजयांचे प्रमाण काढण्याचे सूत्र बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी मांडले. पुढे घातांक बदलून ते फुटबॉललाही लावण्यात आले.
* '''प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा:''' ज्यांच्याशी सामने झाले, त्या संघांची एकूण कामगिरी.
* '''इलो गुणांकन:''' आर्पाड इलो यांनी बुद्धिबळासाठी विकसित केलेली पद्धत. प्रबळ संघाला हरवल्यास गुणांकन अधिक वाढते.
* '''डीव्हीओए:''' ॲरन शॅट्झ यांनी रूढ केलेली पद्धत. ती प्रत्येक चालीचे मूल्यमापन परिस्थिती व प्रतिस्पर्धी लक्षात घेऊन करते.
* '''खेळाडूंची उपलब्धता:''' विशेषतः क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यास संघाचे बळ एकाएकी घटते. मागील निकालांत मात्र ही घट दिसत नाही.

== उल्लेखनीय उदाहरणे ==
२०२० मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने पहिले ११ सामने ओळीने जिंकले. पुढे १२ विजय व ४ पराभवांवर त्यांचा नियमित हंगाम संपला आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात क्लीव्हलंड ब्राउन्सने त्यांना ४८-३७ असे हरवले. त्याच हंगामात टॅम्पा बे बक्कनियर्सची स्थिती १२ सामन्यांअंती ७ विजय व ५ पराभव अशी सामान्य होती. त्यानंतर हा संघ एकही सामना हरला नाही आणि सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटी चीफ्सला ३१-९ असे नमवले.

मिनेसोटा व्हायकिंग्सचा २०२२ चा हंगाम निकषांमधील विसंगतीचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या नऊपैकी आठ सामने जिंकल्यानंतर हा संघ डॅलस काउबॉइजकडून ४०-३ असा हरला. हंगामाअखेर त्याच्या नावावर १३ विजय होते. मात्र त्याने ४२४ गुण केले होते आणि ४२७ दिले होते. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाली निघालेले सर्व ११ सामने त्याने जिंकले होते. समर्थकांनी याला अटीतटीच्या क्षणीचे धैर्य मानले, तर विश्लेषकांनी दैवाची साथ. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सने त्याला पराभूत केले.

== महत्त्व व मर्यादा ==
अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दीर्घकाळ मतदानाधिष्ठित क्रमवारीवरून राष्ट्रीय विजेता मानला जात असे. एनएफएलमध्ये क्रमवारीला असे कोणतेही स्थान नाही. २०२० पासून १४ संघ बाद फेरीत जातात आणि त्यांची निवड अधिकृत तक्त्यावरूनच होते. बाद फेरीत एका पराभवाने आव्हान संपुष्टात येत असल्याने सर्वांत बलवान संघच विजेता ठरेल, याची शाश्वती नसते. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने नियमित हंगामातील सर्व १६ सामने जिंकले; परंतु सुपर बोलमध्ये जायंट्सने त्यांना १७-१४ असे हरवले. त्यामुळे ‘सर्वांत बलवान’ आणि ‘विजेता’ या दोन संज्ञा समानार्थी नाहीत, हे गृहीत धरूनच अशा क्रमवारीचे वाचन करावे लागते.