श्वापदाच्या संख्येंतील पाठभेद

पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें मराठी बायबल इ. स. १९२४ त निघालें. त्यांतील शेवटचा ग्रंथ 'प्रकटीकरण'. त्याच्या तेराव्या अध्यायांतील श्वापदाची संख्या, प्रचलित पाठाप्रमाणें, ६६६. आपल्या कटपयादीप्रमाणें हिब्रूंतही अक्षरांस अंक असतात. मात्र तेथें त्यांची बेरीज करावयाची. 'नेरोन केसर' हें ग्रीक वळणाचें नांव हिब्रूंत लिहावें : न ५०, र २००, व ६, न ५०; क १००, स ६०, र २००. बेरीज ६६६. म्हणून श्वापद म्हणजे रोमचा बादशहा नेरो (मृत्यु इ. स. ६८), असें बहुतेक पंडित मानतात.

परंतु मिसरांतील ऑक्सिऱ्हिंकस येथील, इ. स. १९९९ त प्रसिद्ध झालेल्या जीर्ण पपायरसांत ६१६ असा पाठ आहे! इरेनियसानें दुसऱ्या शतकांतच हा पाठ लेखकप्रमाद ठरविला होता. आमचें मत निराळें. लॅटिन वळणानें 'नेरो' लिहिल्यास अंत्य 'न' गळतो. ५० वजा जातां ६१६ च उरतात.

दिंद्रुड, जि. बीड.