कानाला मानवेल असा हेडफोन

गाणे ऐकावयाचे ते कानांनी, हे सांगण्यासाठी भाषणाची आवश्यकता नाही. परंतु ज्या कानाने आपण ऐकतो तो हाड, कूर्चा आणि पातळ त्वचा यांचा बनलेला एक नाजूक अवयव आहे, त्याच्यावर भार ठेवला तर तो दुखतो आणि झाकून ठेवला तर घामेजतो, ही साधी गोष्ट हेडफोन विकत घेताना मात्र आपण हटकून विसरतो. आपल्याकडील सोनार ती विसरला नव्हता. मोत्यांची जड कुडी कानाच्या पाळीला ओढ देते हे ओळखून त्याने वेल घडविला, आणि त्याची आकडी केसांत अडकवून कुडीचा भार कानावरून डोक्याकडे नेला. हेडफोनच्या बाबतीत जे काही शिकण्यासारखे आहे, त्याचा बराचसा भाग या वेलात आलेला आहे.

आमच्या जबलपुरात शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची या बाबतीतील अडचण मी जवळून पाहिली. मुलाने त्यांना तळहातावर मावेल असे संगीतयंत्र आणून दिले व त्यात त्यांच्या आवडीची नाट्यपदे आणि ठुमऱ्या भरून दिल्या. रात्री काकू लवकर झोपत. म्हणून ते यंत्र हेडफोन लावूनच ऐकावयाचे. वर्षभरात त्यांच्या टेबलाच्या खणात तीन हेडफोन जमा झाले आणि गाणे बंद पडले. विचारले तर म्हणत, “कान दुखून राहिला ना!” (जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, त्यामुळे येथील मराठीची चव नागपुरी आहे.) तिन्ही हेडफोन दुकानात लावून पाहिलेले होते, तिन्हींचा आवाज उत्तम होता. मग दुखत होते ते काय?

पहिला हेडफोन मोठा, संपूर्ण कान आपल्या वाटीत घेणारा. रचनेच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत दयाळू. कारण त्याची गादी कानावर न टेकता कानाभोवतीच्या हाडावर टेकते. पण काकांना चष्मा आहे. गादी आणि कानशील यांच्यामध्ये चष्म्याची दांडी सापडते, आणि वरच्या पट्टीचा सारा दाब त्या एका रेषेवर येतो. शिवाय त्या फटीतून हवा निसटते व तिच्याबरोबर तबल्याच्या बायाचा घुमारा निसटतो. यात मे महिन्यातील जबलपूर मिळवा. पारा बेचाळीस अंशांपलीकडे जात असताना रेक्झिनच्या गाद्यांखाली कान झाकून बसणे म्हणजे उन्हाळ्यात कानटोपी घालण्यासारखेच. कापडी गादी घाम थोडा शोषून घेते, म्हणून आपल्याकडे ती बरी. परंतु अडीचशे-तीनशे ग्रॅमचे वजन मानेला जाणवते ते जाणवतेच.

दुसरा हेडफोन लहान गादीचा, सरळ कानावर बसणारा. दुकानात दोन मिनिटांत सर्वच हेडफोन गोड वाटतात. खोड कळते ती अर्ध्या तासानंतर. बाह्यकर्णाला चरबीचा आधार जवळजवळ नाही. पातळ त्वचा कूर्चेवर ताणून बसविलेली असते, आणि गादीने ती कवटीकडे दाबली की तेथील रक्तप्रवाह मंदावतो. प्रथम ऊब वाटते, मग ठणका लागतो. पट्टी सैल केली तर हेडफोन घसरतो, घट्ट केली तर कान लाल होतो.

तिसरा म्हणजे कानाच्या भोकात शिरणारा इअरफोन. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, सरळ नव्हे तर किंचित नागमोडी. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि म्हणून थोडासा लवचीक. आतील दोन तृतीयांश हाडाचा, आणि तेथील त्वचा इतकी पातळ की नुसत्या स्पर्शानेही दुखावी. इअरफोनने बाहेरच्या भागातच थांबावयाचे असते. कित्येकांना नळीला स्पर्श होताच खोकला येतो, कारण तेथे पोचणारी एक मज्जातंतूची शाखा घशाकडे जाणाऱ्या तंतूचीच आहे. काकांनाही तो येई, आणि ते इअरफोनला दोष न देता रात्री काढा घेत!

या प्रकारातील खरा घोळ मापाचा असतो. एकाच माणसाचे दोन कान सारखे नसतात. चपलेचे माप जसे आपण पाहतो तसे कानाचे कोणी पाहत नाही. इअरफोनबरोबर लहान, मध्यम व मोठी अशी सिलिकोनची टोपणे मिळतात. बहुतेक लोक कारखान्यातून बसवून आलेले मध्यम टोपण तसेच ठेवतात आणि बाकीची डब्यासकट हरवतात. डाव्या कानाला लहान व उजव्याला मध्यम, असे करण्यात काहीही वावगे नाही. दुसरे टोपण स्पंजाचे असते. ते बोटांनी चेपून, कान हाताने वर आणि मागे ओढून नळी सरळ करावी, टोपण आत बसवावे आणि ते फुगेपर्यंत क्षणभर धरून ठेवावे. सिलिकोनपेक्षा त्याचा दाब पुष्कळदा सौम्य वाटतो. मात्र भोक असे बंद झाले की कानाला दडे बसल्यासारखे होते. स्वतःचे बोलणे घुमते, चिवडा खाल्ला तर डोक्यात गिरणी चालू झाल्याचा भास होतो, आणि वायर कपड्याला घासली तर तिचीही खरखर आत येते. वायर कानाच्या मागून वळवून घेतली म्हणजे ती खरखर कमी होते आणि वायरीची ओढही कानाच्या कडेवर जाते. पुन्हा तोच सोनाराचा वेल.

हे दुखणे आजचे नाही. फ्रान्समधील एर्नेस्ट मर्काद्ये यांनी १८९१ साली भोकात बसणाऱ्या दूरध्वनी-ग्राहकाचे पेटंट घेतले. त्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास होते. कानाला घर्षण होऊ नये व बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यावर रबराचे आवरण असावे, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून नौदलाला पुरविले. पुढे १९७९ च्या जुलैमध्ये जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला. त्याच्या यशात यंत्राइतकाच वाटा, पूर्वीच्या तीनशे-चारशे ग्रॅमांऐवजी पन्नास ग्रॅमच्या आत बसविलेल्या, स्पंजाच्या गाद्यांच्या हेडफोनचा होता. चालता चालता ऐकता आले ते त्या हलकेपणामुळे.

आणि जबलपूरला हेडफोनचे नावीन्य कधीच नव्हते. येथील छावणीत सैन्याच्या सिग्नल दळाचे प्रशिक्षण केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्याही पूर्वीपासून आहे. त्याच केंद्रातील हिंदी जवानांनी २७ फेब्रुवारी १९४६ रोजी निकृष्ट अन्न आणि भेदभाव यांविरुद्ध उठाव केला होता. मोर्सच्या कडकट्टातून अक्षरे वेचण्यासाठी त्या काळच्या बिनतारी संदेशकांना हेडफोन तासन् तास कानांवर ठेवावा लागे. संदेश ऐकणाऱ्याला तो काढून ठेवण्याची सोय नसते. आपल्याला आहे, आणि हौसेने ऐकणाऱ्याच्या हाती असलेला हा सर्वांत स्वस्त उपाय: पाऊण तासाने हेडफोन उतरवून कानांना वारा लागू द्यावा.

येथवर झाला तो दुखण्याचा विचार. परंतु काकांच्या खणातील हेडफोनांनी मला अधिक काळजीत टाकले ते दुसऱ्या कारणासाठी. नीट न बसणारा इअरफोन मंद्र स्वर गाळतो आणि बाहेरचा गोंगाट आत घेतो. तो भरून काढण्यासाठी माणूस नकळत आवाज वाढवितो. काकांच्या खोलीत रात्रभर कूलर घरघरत असे. सैल इअरफोन लावून त्यांनी आवाज इतका वाढविला होता की शेजारी बसलेल्या मला पद ओळखता येत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकण्यास हरकत नाही. पण तोच ९० डेसिबेल झाला तर ही मुभा चार तासांवर येते. दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा होतो, कारण ध्वनीची शक्ती दुप्पट होते. आतल्या कानात ध्वनीचे ग्रहण करणाऱ्या केसाळ पेशी प्रत्येक बाजूस पंधरा हजारांच्या आसपास असतात, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. हानी बहुधा प्रथम उंच स्वरांची होते; सतारीच्या तारेची धार बोथट वाटू लागते आणि बोलण्यातील ‘स’ व ‘फ’ ही व्यंजने निसटतात. दुखणारा कान निदान ओरडून सांगतो. ही हानी मात्र मुकाट्याने होते.

म्हणून काकांसाठी निवड करताना प्रथम खुर्ची हलविली. कूलरजवळची जागा सोडून ती आतल्या खोलीत पंख्याखाली गेली. मग वॉकमनच्या जातीचा, साठेक ग्रॅमचा, स्पंजाच्या उघड्या गाद्यांचा हेडफोन शोधला. तो कानावर टेकतो, दाबत नाही. वारा खेळता राहतो, चष्म्याची दांडी मोकळी राहते. बाहेरचे ऐकू येते हा त्याचा दोष गर्दीत जाणवेल, घरात तो गुण आहे. दुकानात आम्ही काकांना स्वतःचा चष्मा घालून, मान खाली-वर करून, वीस मिनिटे बसविले. दुकानदार कंटाळला, पण नाही म्हणाला नाही. तेथेच एक ध्वनिमुद्रण-गृहात वापरावयाचा महाग हेडफोन त्याने पुढे केला होता. त्याचा अवरोध तीनशे ओहमचा. इवल्या यंत्राची तेवढी ताकद नसते, गाणे त्यात दबके वाटते. बारक्या यंत्राला सोळा ते बत्तीस ओहमचा हेडफोन पुरेसा आणि योग्य. किंमत अधिक म्हणजे सोय अधिक, हे येथे मुळीच खरे नाही.

पहिला मोठा हेडफोन आम्ही टाकला नाही. डिसेंबरात नर्मदेवरून गार वारा येऊ लागला की काका तोच काढतात. चष्मा उतरवून, डोळे मिटून ऐकतात, आणि कानही उबदार राहतात. रेल्वेच्या प्रवासासाठी इअरफोन आहे, आता दोन कानांना दोन मापांच्या टोपणांसह. आठवड्यातून एकदा काकू ती टोपणे काढून कोमट साबणपाण्यात धुतात व पूर्ण वाळवून बसवितात. कान वाहत असेल तर भोकात काही घालावयाचे नाही, हेही त्यांनीच ठरवून टाकले आहे.

राहिला प्रश्न स्पंजाचा. दोन पावसाळे गेले की तो चुरा होऊन कानावर काळी पूड सांडू लागतो, आणि त्या मापाच्या गाद्या बाजारात वेळेवर मिळतीलच असे नाही. काकांनी या वेळी दोन जोड आधीच आणून त्याच खणात ठेवले आहेत.