उशिराचं मोजमाप

इंग्लंडमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान उशिरा झाल्याचा दावा कोर्टात उभा राहतो, तेव्हा त्या खटल्यात दोन स्त्रिया असतात. एक समोर बसलेली असते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन असं सगळं तिच्या अंगावरून गेलेलं असतं. दुसरी कुठेच नसते. ती हीच स्त्री, पण गाठ दाखवायला गेली त्याच दिवशी जिला डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला पाठवलं. ती आज कशी असती, किती जगली असती, तिचा स्तन वाचला असता का, यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ दिवसचे दिवस वाद घालतात.

कारण साधं आहे. कर्करोग काही डॉक्टरांनी दिलेला नसतो. त्यांच्या हातून गेला तो वेळ. त्यामुळे भरपाई रोगाची मिळत नाही, या दोन स्त्रियांमधल्या अंतराची मिळते. जी कधी अस्तित्वातच नव्हती तिच्यापर्यंतचं अंतर मोजायचं कसं, हा कायद्यातल्या अतिशय विलक्षण प्रश्नांपैकी एक आहे.

पहिली पायरी त्या मानाने सोपी: चूक झाली होती का? स्तनातल्या गाठीच्या निदानाचा तिपेडी नियम जगभर ठरलेला आहे. हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका असेल तर सुईने तुकडा काढून बायोप्सी. तिन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. एक जरी विसंगत निघालं तरी थांबायचं नाही. बरेचसे दावे याच ठिकाणी जन्मतात. बाई तरुण आहे म्हणून ‘साधी गाठ आहे’ असं सांगून परत पाठवलं जातं. गाठ हाताला लागते, पण मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून विषय संपवला जातो. खरं तर कर्करोग असूनही मॅमोग्राफी स्वच्छ येऊ शकते. दाट स्तनातल्या ग्रंथी चित्रात पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच.

तरीही प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. याची कसोटी १९५७ सालच्या बोलम खटल्यातून आली. तो मनोरुग्णालयात विजेचे झटके देताना हाडं मोडलेल्या एका रुग्णाचा होता, पण त्याचा नियम आज कर्करोगालाही लागतो. त्याच क्षेत्रातल्या जबाबदार डॉक्टरांचा एखादा वर्ग तसंच वागला असता, तर तो निष्काळजीपणा नाही. १९९७ मध्ये बोलिथो खटल्यात त्याला पुरवणी जोडली गेली: त्या वर्गाचं मत तर्कालाही पटलं पाहिजे. दहा डॉक्टर एकच अतार्किक गोष्ट करतात म्हणून ती योग्य ठरत नाही.

जुनी मॅमोग्राफी पुन्हा वाचताना एक गंमतशीर अडचण येते. मुलांच्या मासिकातल्या ‘चित्रात लपलेला वाघ शोधा’ कोड्यात एकदा वाघ दिसला की तो न दिसणं अशक्य होतं. कर्करोग डाव्या स्तनात वरच्या बाजूला आहे हे ठाऊक असलेल्या तज्ज्ञाला दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तिथेच काहीतरी धूसर दिसू लागतं. म्हणून काही वेळा ती फिल्म इतर अनेक निरोगी फिल्ममध्ये मिसळून, कुणाची आहे हे न सांगता, दुसऱ्या रेडिओलॉजिस्टपुढे ठेवतात. त्याने तिच्यावर बोट ठेवलं तर दाव्याला बळ येतं, नाही ठेवलं तर तो डळमळतो.

आता खरी चढण. चूक सिद्ध झाली, तरी त्या चुकीमुळे काय बिघडलं? इथे तज्ज्ञ गाठीला वेळेत मागे नेतात.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं दुप्पट होत गेल्यावर तिसाव्या दुपटीला सुमारे १०७ कोटी पेशी होतात. साधारण एक सेंटिमीटरच्या गाठीत एवढ्या पेशी असतात असं धरतात. म्हणजे हाताला लागेपर्यंत गाठीच्या आयुष्याचा मोठा भाग उलटून गेलेला असतो. शिवाय पेशी दुप्पट झाल्या म्हणून व्यास दुप्पट होत नाही. व्यास दुप्पट व्हायला घनफळ आठपट, म्हणजे तीन दुपटी लागतात. समजा गाठ दुप्पट व्हायला १५० दिवस घेते आणि निदान नऊ महिने लांबलं. आज तीन सेंटिमीटरची असलेली गाठ तेव्हा जवळजवळ दोन सेंटिमीटरची असणार. नऊ महिन्यांत फरक एक सेंटिमीटरचा. दुपटीचा वेग प्रत्येक गाठीचा वेगळा असतो, आणि दोन्ही बाजूंचे वकील नेमके त्या वेगावरून भांडतात.

मग हा एक सेंटिमीटर आयुष्यात किती मोलाचा? १९८२ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम शहरातल्या डॉक्टरांनी एक सूत्र मांडलं. गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.२ ने गुणायचा. त्यात पेशींच्या आक्रमकतेची श्रेणी मिळवायची, १ ते ३. आणि काखेतल्या ग्रंथींच्या लागणीचे १ ते ३ गुण मिळवायचे. बेरीज ३.४ किंवा कमी आली तर भवितव्य चांगलं, ५.४ च्या वर गेली तर वाईट. आपल्या गाठीवर हे लावून पाहू. श्रेणी २ धरली आणि काख स्वच्छ असेल, तर दोन सेंटिमीटरच्या गाठीचे गुण ३.४. तीच गाठ तीन सेंटिमीटरची झाली तर ३.६. पण त्या नऊ महिन्यांत काखेतल्या एक-दोन ग्रंथींपर्यंत रोग पोचला असेल, तर थेट ४.६.

आकाराने ०.२ ची भर घातली आणि काखेने १ ची. म्हणजे सगळा खटला या एका प्रश्नावर येऊन ठेपतो: पेशी काखेत कधी पोचल्या? त्या क्षणाचा फोटो कुणाकडे नसतो. बचाव पक्ष म्हणतो, गाठीचा स्वभाव पहिल्या दिवशीच ठरलेला होता, नऊ महिन्यांनी काही बदललं नाही. वादीचे तज्ज्ञ म्हणतात, याच महिन्यांत दार उघडलं.

हाच वाद कोर्टाबाहेर, प्रचंड प्रमाणावर, मुंबईत तपासला गेला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. मुंबईतल्या वीस वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत कर्करोगाची माहिती देऊन फक्त नोंद ठेवली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मशीन नाही, फक्त शिकवलेली बोटं. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. वेळ वाचवणं कुणाला जीवदान ठरतं आणि कुणाला नाही, हे दीड लाख स्त्रियांचं सरासरी उत्तर. न्यायाधीशाला मात्र समोरच्या एकीबद्दल सांगायचं असतं.

ते सांगण्याची इंग्लिश कायद्याची रीत थक्क करणारी आहे. दिवाणी दाव्यात ‘अधिक संभव काय’ एवढंच पाहतात. वेळेवर उपचार झाले असते तर बरं होण्याची शक्यता ५१ टक्के होती असं ठरलं, की कायदा ती शंभर धरतो आणि पूर्ण भरपाई देतो. ४९ ठरली, तर शून्य धरतो.

याची सगळ्यात कडक परीक्षा स्तनाच्या नव्हे, काखेतल्या गाठीच्या खटल्यात झाली. १९९४ मध्ये एका पुरुषाच्या डाव्या काखेतली गाठ डॉक्टरांनी चरबीची म्हणून सोडून दिली. ती लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निघाली. उपचार नऊ महिने लांबले. बरं होण्याची, म्हणजे दहा वर्षं रोगमुक्त जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली असं कोर्टाने मानलं. ग्रेग विरुद्ध स्कॉट या नावाने हा दावा तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि जानेवारी २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. ४२ हा आकडा मुळातच निम्म्याहून कमी, म्हणजे कायद्याच्या लेखी गमावण्यासारखं काही नव्हतंच. आणि निकाल लागला तेव्हा तो माणूस जिवंत होता.

गंमत अशी, की याच इंग्लिश कायद्याने १९११ मध्ये गमावलेल्या संधीचे पैसे दिले होते, तेही एका सौंदर्यस्पर्धेसाठी. नाटकवाल्या सीमोर हिक्स यांच्या स्पर्धेत पन्नास तरुणींतून बाराजणींना रंगमंचावर काम मिळणार होतं. एकीला मुलाखतीचा निरोप वेळेवर मिळाला नाही. ती जिंकलीच असती असं कुणी म्हणालं नाही, तरी पन्नासातून बाराची संधी हुकली म्हणून तिला १०० पौंड मिळाले. तो करारभंगाचा दावा होता आणि कर्करोगाचा दावा शारीरिक इजेचा, हे कायदेशीर उत्तर बरोबर आहे. पण रंगमंचावरची संधी मोजता येते आणि जगण्याची संधी मोजता येत नाही, हे पचायला जड जातं. अमेरिकेतल्या काही राज्यांनी म्हणूनच वेगळा रस्ता धरला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पोटाच्या कर्करोगाच्या खटल्यात मान्य केलं की शक्यता जितकी घटली तितक्या हिश्श्याची भरपाई द्यावी. त्या हिशेबाने ४२ वरून २५, म्हणजे १७ टक्के. पूर्ण नुकसान एक लाख पौंडांचं धरलं तर सतरा हजार.

जगण्याचा प्रश्न हरला म्हणून सगळा दावा हरतोच असं नाही. स्तनाच्या कर्करोगात उशिराची किंमत बऱ्याचदा उपचारांत मोजली जाते. नुसती गाठ काढून भागलं असतं, तिथे पूर्ण स्तन काढावा लागला. काखेतल्या ग्रंथी साफ कराव्या लागल्या आणि हाताला कायमची सूज आली. केमोथेरपी टळली असती, ती घ्यावी लागली. हे वेगळं सिद्ध करता येतं आणि त्याची वेगळी भरपाई मिळते. शिवाय आयुष्य खरोखर कमी झालं असं ठरलं, तर ‘गमावलेल्या वर्षांची’ कमाईही मागता येते. हे तत्त्व १९७८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेच मान्य केलं, ॲस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या एका कामगाराच्या दाव्यात.

निदानाइतकीच उपचारातली चूकही भयानक असू शकते. बर्मिंगहॅम भागातला शल्यविशारद इयन पॅटरसन स्तन काढताना त्याचा काही भाग मुद्दाम मागे ठेवत असे, म्हणजे रोग परतण्याचा धोकाही मागेच राही. कर्करोग नसलेल्यांवरही त्याने शस्त्रक्रिया केल्या. २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि ती पुढे वीस वर्षांपर्यंत वाढवली गेली. खासगी रुग्णांपुढे मात्र विचित्र पेच उभा राहिला: कृत्य गुन्हा ठरलं म्हणून डॉक्टरच्या वतीने भरपाई देणाऱ्या संस्थेने हात वर केले. अखेर सुमारे ७५० रुग्णांसाठी ३.७२ कोटी पौंडांचा वेगळा निधी उभारला गेला.

भारतात हे दावे बहुतेक ग्राहक आयोगापुढे जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं बाहेर राहिली. चुकीची कसोटी आपल्याकडेही बोलमचीच. डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा घोर हवा, असं २००५ च्या निकालाने ठरवलं. २००८ मध्ये आणखी एक मोलाची गोष्ट स्पष्ट झाली: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

आपल्याकडे असे दावे मुख्यतः कागदांवर उभे राहतात किंवा पडतात. पहिल्या भेटीच्या केसपेपरवर गाठीची नोंद आहे का, बायोप्सी सुचवली होती का, यावर सगळं ठरतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की गोपनीयतेच्या नावाखाली रुग्णाला केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात, आणि डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात.

कागदांहूनही बोलका साक्षीदार मेणात असतो. बायोप्सीचा तुकडा पॅराफिनच्या ठोकळ्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये, बसवून ठेवतात. तो काढला तेव्हा नसलेल्या चाचण्याही पुढे त्याच तुकड्यावर करता येतात. ही गाठ हार्मोनवर वाढणारी होती का, कोणत्या औषधाला तिने दाद दिली असती, हे तो अनेक वर्षांनी सांगू शकतो. कोर्टातल्या त्या दुसऱ्या स्त्रीबद्दल ठामपणे बोलू शकेल असा पुरावा फार थोडा असतो, आणि त्यातला हा एक. म्हणून रिपोर्टच्या प्रतीसोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असो वा दावा लढायचा असो, दोन्हीकडे प्रश्न तोच असतो: तेव्हा नेमकं काय होतं? त्याचं उत्तर आठवणीवर सोडलं, तर ते दर वर्षी थोडं बदलतं.