खाडीतल्या तिसऱ्या आणि आपलं सांडपाणी

ऑगस्ट 2022 मध्ये तुम्ही ओकलंडच्या लेक मेरिटकडे फिरकला असाल, तर काठाला लागलेले मेलेले मासे आणि तो वास आठवत असेल. सॅन फ्रान्सिस्को खाडीचं पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. हेटेरोसिग्मा अकाशिवो नावाचं सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढलं होतं आणि मोठमोठे स्टर्जनसुद्धा त्यात मेले.

दोष सांडपाण्यावर गेला, आणि तो बरोबरच आहे. पण सांडपाणी खाडीत कित्येक दशकं येतंय. मग आधी एवढं का झालं नाही?

वनस्पतीप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पतींना, ऊन आणि खत लागतं. खताला इथे तोटा नाही. खाडीभोवतीच्या 35 हून अधिक केंद्रांत सांडपाणी शुद्ध होतं, पण आपल्या लघवीतून आलेला नत्र त्यातल्या बहुतेक केंद्रांत फारसा काढला जात नाही. तरीही प्लवक आवाक्यात राहायचे. एक कारण गढूळ पाणी: ऊन खोलवर पोचतच नसे. दुसरं कारण तिसऱ्या.

होय, कोकणातल्या घरांत ज्यांचं सुकं होतं, त्यांच्याच जातकुळीतल्या. तिसरी पाणी आत ओढते, प्लवक गाळून खाते आणि पाणी बाहेर सोडते. 1986 मध्ये पूर्व आशियातली एक तिसरी, बहुधा जहाजांच्या तळटाक्यांतल्या पाण्यातून, उत्तरेकडच्या सुसून बेमध्ये आली. एक-दोन वर्षांतच तिथला उन्हाळ्यातला प्लवकांचा बहर नाहीसा झाला. छोट्या जिवांचं आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचं अन्नच आटलं. म्हणजे प्लवक कमी झाले की सगळं छान, असंही नाही.

दक्षिण खाडीत नेमकं उलटं घडलं. 1999 नंतर तिथे प्लवक वाढू लागले आणि पूर्वी कधी न दिसणारा शरद ऋतूतला बहर दिसू लागला. खत वाढलं नव्हतं. जेम्स क्लोर्न आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये याचा माग काढला, तो थेट पॅसिफिकपर्यंत गेला. महासागर थंड टप्प्यात शिरला होता. किनाऱ्यालगत खोलातलं गार, सकस पाणी जोरात वर येऊ लागलं. त्यावर चपटे मासे, कोळंबी आणि खेकडे पोसले, ते खाडीत आले आणि त्यांनी तिसऱ्यांचा फडशा पाडला. गाळणी गेली, प्लवक सुटले. त्याच सुमारास खाडीतला गाळही घटला आणि पाणी निवळलं. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी फोडलेल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून वाहून आलेला गाळ आता संपत आला होता.

हे सगळं कळलं, कारण अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्था 1969 पासून बोट घेऊन तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा मोजते आहे. पाच-सात वर्षांच्या नोंदींवर कोणीही चुकीचाच निष्कर्ष काढला असता. असल्या कंटाळवाण्या मोजणीला निधी मिळवणं किती कठीण असतं, हे संशोधनातल्या वाचकांना सांगायला नको.

पॅसिफिकचे टप्पे आपल्या हातात नाहीत, तिसऱ्याही नाहीत. हातात आहे तो नत्र. जुलै 2024 मध्ये इथल्या जल नियामक मंडळाने केंद्रांना दहा वर्षांची मुदत देऊन कोरड्या ऋतूतला नत्र 40 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. खर्च अब्जावधी डॉलरचा आहे. तुम्ही बे एरियात राहत असाल, तर तो सांडपाण्याच्या बिलातून तुमच्याकडेच येईल. माझ्या मते तो वाजवी आहे, कारण खत आपलंच आहे आणि त्याला आवर घालणाऱ्या दोन्ही गोष्टी आता ढिल्या पडल्या आहेत.