गाठ काढल्यानंतरचं काम

नाकातून दुर्बीण घालून कवटीच्या तळाची गाठ काढतात, त्याचं सारं श्रेय दुर्बिणीला मिळतं. माझ्या मते हे पुरतं खरं नाही. ही वाट जुनीच. सर्जन हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुकला नाकाच्या मार्गानेच पिट्यूटरी ग्रंथीची गाठ काढली होती. न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी हा मार्ग बरीच वर्षं वापरला आणि मग सोडला. पुढे दुर्बिणीने उजेड आणि नजर थेट गाठीपाशी नेली. ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन मिळून दोन्ही नाकपुड्यांतून चार हातांनी काम करू लागले. पण जास्त दिसू लागलं तसं हाडही जास्त कोरलं जाऊ लागलं, मेंदूचं आवरण उघडलं जाऊ लागलं. अशा वेळी मेंदूभोवतीचं पाणी आणि जंतूंचा वावर असलेलं नाक यांच्यात आडोसाच उरत नाही. पाणी गळत राहिलं, तर मेंदूज्वराची भीती असते. मोठ्या गाठींच्या बाबतीत खरी अडचण इथे होती.

तिच्यावरचा इलाज नाकातच सापडला. अर्जेंटिनातले सर्जन हदाद आणि बासागास्तेगी यांची पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नाकाच्या पडद्याचं एका बाजूचं अस्तर सोलून घ्यायचं, पण मागच्या बाजूने त्याला रक्त पुरवणारी धमनी तोडायची नाही. गाठ निघेपर्यंत ते नाकामागे घशाच्या बाजूला सरकवून ठेवायचं. शेवटी मांडीतून काढलेली चरबी किंवा जाड पडदा भोकात बसवून त्यावर हे जिवंत अस्तर पसरायचं. रक्तपुरवठा शाबूत असल्याने ते लवकर धरतं आणि पाणी गळण्याचं प्रमाण पुष्कळ खाली येतं. मात्र गाठ कापायला लागण्यापूर्वीच शेवटाची तयारी करावी लागते, कारण ती धमनी आधी तुटली तर हे अस्तर कामाचं राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाहेर व्रण नाही म्हणून जखम लहान कशी? आक्षेप रास्त आहे. नाकात कित्येक आठवडे खपल्या धरतात, वास येणं मंदावतं. कर्करोगाच्या बाबतीत दुसरी शंका असते, की गाठ तुकड्यातुकड्यांनी काढली तर पेशी पसरतील. पण नाकाच्या पोकळीत लोंबणारा भाग कसा निघाला यापेक्षा गाठीचं मूळ जिथे चिकटलं होतं तिथल्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या का, हे जास्त महत्त्वाचं. गाठ दृष्टिनाडीच्या किंवा कॅरोटिड धमनीच्या पलीकडे, बाजूला पसरली असेल तर मात्र नाकाच्या वाटेचा हट्ट धरू नये. तिथे कवटी उघडणंच रुग्णाच्या हिताचं ठरतं.